'पिओ दोसे' : धर्मसंस्थेचे केंद्र, कामगारांचा आवाज

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

धर्मसंस्थेने चालविलेले नभोवाणी केंद्र म्हटले की समाजवादी कार्यकर्त्याच्या डोळ्यांसमोर एक ठराविक चित्र उभे राहते. पहाटेची प्रार्थना, दुपारचे प्रवचन, रात्रीची भक्तिगीते. परलोकाविषयी भरघोस आश्वासने आणि इहलोकातील मालकाविषयी मौन. हे चित्र निराधार आहे असे कोणी म्हणणार नाही. जगाच्या अनेक भागांत अशी केंद्रे श्रमिकांच्या असंतोषावर थंड पाणी ओतण्यासाठीच उभारली गेली. परंतु ज्या हेतूने संस्था उभारली जाते त्याच हेतूने ती अखेरपर्यंत चालते काय? या प्रश्नाचा विचार तत्त्वचर्चेतून करण्यापेक्षा एका केंद्राच्या प्रत्यक्ष इतिहासातून करणे अधिक फलदायी ठरेल. हे केंद्र दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया या देशात, अँडीज पर्वताच्या पठारावर, कथिलाच्या खाणींच्या मधोमध आहे. त्याचे नाव 'रेडिओ पिओ दोसे', म्हणजे बाराव्या पायस पोपच्या नावाचे केंद्र.

प्रथम त्या प्रदेशाची ओळख करून घेतली पाहिजे. बोलिव्हियाच्या पोतोसी प्रांताच्या उत्तर भागात, समुद्रसपाटीपासून जवळजवळ चार हजार मीटर उंचीवर, ल्याल्याग्वा नावाचे गाव आहे. त्याला लागून 'सिग्लो व्हेइन्ते' ही खाण आणि खाणकामगारांची वसाहत आहे. या नावाचा अर्थ 'विसावे शतक'. नाव विसाव्या शतकाचे असले तरी तेथील जीवन शंभर वर्षे मागचे होते. सिमोन पातिन्यो या कथिलसम्राटाची अमाप संपत्ती या डोंगराच्या पोटातून निघाली. त्या पोटात उतरणाऱ्या केचुआ व आयमारा कामगाराच्या वाट्याला मात्र सिलिकाच्या धुळीने पोखरलेली फुप्फुसे आली. घर कंपनीचे, दुकान कंपनीचे, रुग्णालयही कंपनीचे. कामगार मेला तर त्याच्या विधवेने ९० दिवसांच्या आत मुलाबाळांसह खोली रिकामी करून द्यावयाची. सिग्लो व्हेइन्तेच्या दोमितिला बारिओस दे चुंगारा या कामगार स्त्रीने ही हकिगत जगाला सांगितली आहे.

जवळच्याच कातावी येथे २१ डिसेंबर १९४२ रोजी पगारवाढ मागणाऱ्या संपकऱ्यांवर लष्कराने गोळीबार केला. मारिया बार्सोला ही कामगार स्त्री तेथे पडली. आजही तो दिवस बोलिव्हियात खाणकामगार दिन म्हणून पाळला जातो. एप्रिल १९५२ मध्ये राष्ट्रीय क्रांती झाली. सर्वांना मताधिकार मिळाला आणि ३१ ऑक्टोबर १९५२ रोजी पातिन्यो, होखशिल्ड व आरामायो या तीन बड्या घराण्यांच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. कोमिबोल हे सरकारी खाण महामंडळ स्थापन झाले. कामगार संघटनेला कारभारात नियंत्रणाचा अधिकार मिळाला. कामगारांच्या हाती बंदुकाही आल्या.

परंतु या कामगारांनी बंदुकीइतकेच महत्त्वाचे आणखी एक साधन हाती घेतले. ते म्हणजे ध्वनिक्षेपक. क्रांतीच्या सुमारास सिग्लो व्हेइन्ते येथे संघटनेचे 'ला व्होस देल मिनेरो' म्हणजे 'खाणकामगाराचा आवाज' हे केंद्र उभे राहिले. कातावीच्या केंद्राने हत्याकांडाची तारीखच नाव म्हणून धारण केली : 'रेडिओ २१ दे दिसिएंब्रे'. पुढील दोन दशकांत खाणपट्ट्यात अशी वीसहून अधिक केंद्रे निर्माण झाली. ती सरकारच्या अनुदानावर किंवा जाहिरातदाराच्या मेहेरबानीवर चालत नव्हती. कामगार आपल्या तुटपुंज्या पगारातून वर्गणी कापून देत आणि त्यातून निवेदकाचे वेतन, सुटे भाग व ध्वनिमुद्रिका यांचा खर्च भागे. संघटनेची बैठक, दुकानात मांस आले की नाही याची बातमी, फुटबॉलचा सामना, हरवलेल्या मुलाचा शोध, दूरच्या खेड्यातील आईला निरोप, हे सारे तेथून प्रसारित होई. ज्याला तक्रार असेल तो सरळ आत येऊन बोलत असे. जगात इतरत्र नभोवाणीचे लोकशाहीकरण हा परिसंवादाचा विषय होण्यापूर्वी या अर्धशिक्षित मानलेल्या कामगारांनी ते करून दाखविले होते.

अशा या वसाहतीत १ मे १९५९ रोजी 'पिओ दोसे' सुरू झाले. कॅनडातून आलेल्या ऑब्लेट संघाच्या कॅथलिक धर्मगुरूंनी ते स्थापन केले. मुहूर्त कामगार दिनाचा होता, तोही सहज निवडलेला नव्हे. १ मे हा दिवस समाजवाद्यांच्या हातातून काढून घेण्यासाठी खुद्द बाराव्या पायसनेच १९५५ मध्ये त्या दिवशी 'श्रमिक संत जोसेफ' यांचा सण सुरू केला होता. त्याच पोपच्या कारकीर्दीत, १९४९ मध्ये, कम्युनिस्ट तत्त्वज्ञान स्वीकारणाऱ्या व त्याचा प्रचार करणाऱ्या कॅथलिकांना धर्मबहिष्कृत करण्याचा आदेश रोमहून निघाला होता. तेव्हा केंद्राचे नाव आणि उद्घाटनाची तारीख या दोहोंतच त्याचा कार्यक्रम लिहिलेला होता. कम्युनिझम, दारू आणि अज्ञान या तीन शत्रूंशी लढणे हे त्याचे उद्दिष्ट होते, आणि या तिहींत पहिला क्रमांक कोणाचा याविषयी वसाहतीत कोणालाही शंका नव्हती.

प्रारंभीची काही वर्षे या दोन केंद्रांत उघड युद्ध चालले. एकीकडे पिओ दोसेवरून संघटनेच्या पुढाऱ्यांवर, विशेषतः फेदेरिको एस्कोबार यांच्यासारख्या कम्युनिस्ट नेत्यांवर टीकेची झोड उठे. दुसरीकडे 'ला व्होस देल मिनेरो' तिला तिखट उत्तर देई. धर्मगुरूंच्या हाती अधिक शक्तिशाली यंत्रसामग्री होती. कामगारांच्या हाती वसाहतीची निष्ठा होती. १९६१ मध्ये अमेरिका, पश्चिम जर्मनी व आंतर-अमेरिकी विकास बँक यांच्या मदतीने 'त्रिकोणी योजना' आली आणि कर्जाच्या बदल्यात कामगारकपातीची अट लादली गेली. अशा काळात जे केंद्र संघटनेच्या नेत्यांना झोडपत होते ते कामगारांना कोणाचे वाटले असेल हे सांगण्याची आवश्यकता नाही.

परंतु येथेच एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. धर्मगुरूंनी केंद्र राजधानीत काढले नाही. त्यांनी ते खाणीच्या तोंडाशी काढले. ज्यांना सुधारावयाचे त्यांच्यामध्येच राहावयाचे, त्यांच्याच भाषेत बोलावयाचे, त्यांच्या मुलांना शिकवावयाचे आणि त्यांच्या मृतांचे अंत्यसंस्कार करावयाचे, असा त्यांच्या कामाचा प्रकार होता. दारूविरुद्ध प्रवचन देणाऱ्याला कामगार दारू का पितो हे एक ना एक दिवस पाहावेच लागते. अज्ञानाविरुद्ध लढणाऱ्याला केचुआ बोलणाऱ्या मुलाला स्पॅनिश पाठ्यपुस्तक का कळत नाही याचा विचार करावाच लागतो. तिशी-पस्तिशीतल्या माणसांना सिलिकोसिसने मरताना जो रोज पाहतो, त्याला ती ईश्वरेच्छा आहे असे फार काळ म्हणवत नाही. हेतू जुना राहिला तरी अनुभव नवे प्रश्न विचारू लागला.

नोव्हेंबर १९६४ मध्ये जनरल बारिएन्तोस यांनी सत्ता बळकावली. मे १९६५ मध्ये खाणकामगारांचे पगार निर्दयपणे कापण्यात आले, त्यांचे नेते हुआन लेचिन यांना हद्दपार केले गेले, खाणींत सैन्य घुसले आणि संघटनेच्या केंद्रांवर वरवंटा फिरला. याच सुमारास स्पेनच्या नाव्हारा प्रांतातून आलेले ग्रेगोरिओ इरिआर्ते हे ऑब्लेट धर्मगुरू पिओ दोसेचे संचालन करू लागले. इरिआर्ते यांनी केंद्राचा कान बदलला. आजवर केंद्र बोलत होते आणि वसाहत ऐकत होती. आता वसाहत बोलू लागली आणि केंद्र ऐकू लागले. काळही अनुकूल होता. तेविसाव्या जॉन पोपचे १९६१ चे सामाजिक प्रश्नावरील परिपत्रक आणि १९६२ ते १९६५ ही चार वर्षे चाललेली दुसरी व्हॅटिकन परिषद यांमुळे चर्चमध्ये नवे वारे वाहू लागले होते. तथापि वारा रोमहून आला म्हणून खाणीत बदल झाला असे मानणे भाबडेपणाचे होईल. तेच वारे शेकडो बिशपांच्या महालांवरूनही वाहून गेले, आणि तेथे काहीच हलले नाही.

निर्णायक घटना २४ जून १९६७ ची. संत जॉनचा तो सण असतो. वर्षातील सर्वांत थंड समजल्या जाणाऱ्या त्या रात्री वसाहतीत शेकोट्या पेटतात आणि माणसे पहाटेपर्यंत गातात-नाचतात. दुसऱ्या दिवसापासून सिग्लो व्हेइन्ते येथे खाणकामगार प्रतिनिधींची बैठक भरावयाची होती. पगारकपात रद्द करण्याची मागणी आणि आग्नेयेच्या जंगलात लढणाऱ्या चे गेव्हाराच्या गनिमांना एक दिवसाचा पगार देण्याची चर्चा, हे विषय तीत होते. पहाटे शेकोट्या विझत असताना सैन्य वसाहतीत शिरले आणि झोपेत असलेल्या, नशेत असलेल्या, घराबाहेर आलेल्या माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या. किती माणसे मेली याविषयी सरकारचा आकडा व कामगारांचा आकडा कधीच जुळला नाही. रोसेन्दो गार्सिया माइस्मान हा संघटनेचा नेता संघटनेच्या नभोवाणी केंद्राचे रक्षण करताना मारला गेला. ध्वनिक्षेपकासाठी प्राण देणारा हा कामगार नभोवाणीच्या इतिहासात कोठे नोंदला जात नाही. समाजवाद्यांनी तरी तो विसरू नये.

त्या दिवशी धर्मगुरूंना तटस्थ राहणे शक्य नव्हते. ज्यांची प्रेते होती त्यांचा बाप्तिस्मा त्यांनीच केला होता, किंवा निदान ज्यांची लग्ने लावली त्यांचीच प्रेते समोर होती. इरिआर्ते यांनी हत्याकांडाचा उघड धिक्कार केला. पुढे १९७२ मध्ये त्यांनी खाणकामगारांच्या जीवनावर 'गालेरिआस दे मुएर्ते', म्हणजे 'मृत्यूची भुयारे', हे पुस्तक लिहिले. जे केंद्र संघटनेचा आवाज बंद पाडण्यासाठी जन्मले होते तेच संघटनेच्या आवाजाचा आश्रय झाले. १९६८ मध्ये कोलंबियातील मेदेयिन येथे लॅटिन अमेरिकेच्या बिशपांनी अन्यायाच्या रचनेचा निषेध केला. पिओ दोसेच्या धर्मगुरूंना तो ठराव वाचून नवे काही शिकावे लागले नाही. त्यांचे शिक्षण एक वर्ष आधी रक्ताने झाले होते.

आता कार्यक्रमांकडे वळू. केंद्राची भूमिका बदलली म्हणजे केवळ बातमीपत्राची भाषा बदलली असे नव्हे. मध्यमलहरीबरोबरच लघुलहरींवरही ध्वनिक्षेपण असल्यामुळे पिओ दोसेचा आवाज वसाहतीबाहेर उत्तर पोतोसीच्या दूरच्या खेड्यांत पोहोचत होता. केचुआ भाषेतील कार्यक्रमांचे महत्त्व येथे आहे. बारिएन्तोस यांनी लष्कर व शेतकरी यांच्यात 'करार' घडवून आणला होता. जमीनवाटपाने कृतज्ञ झालेल्या शेतकऱ्याला सांगितले जाई की, खाणकामगार हा कम्युनिस्ट तुझी जमीन हिसकावून घेणार आहे. एकाच भाषेचे, पुष्कळदा एकाच कुळाचे हे दोन घटक परस्परांविरुद्ध उभे करून राज्य चालत होते. अशा वेळी शेतकऱ्याच्या झोपडीत त्याच्याच भाषेत बियाणे, मेंढ्यांचे रोग, बाजारभाव यांविषयी बोलणारा आवाज खाणीतून येऊ लागणे ही राजकीय घटना होती. त्यात घोषणा नव्हत्या. परंतु खाण व शेत यांच्यामधली भिंत त्याने पातळ केली.

दुसरा विषय शिक्षणाचा. १९६७ मध्ये बोलिव्हियातील कॅथलिक केंद्रांनी 'एरबोल' ही नभोशाळांची संघटना स्थापन केली. पिओ दोसे तीत सहभागी होते. नभोशाळेची कल्पना कोलंबियातील सुतातेन्सा या गावातून आली होती. तेथे १९४७ मध्ये सालसेदो या तरुण धर्मगुरूने शेतकऱ्यांसाठी केंद्र सुरू केले आणि ते खंडभर अनुकरणीय ठरले. लक्षावधी शेतकऱ्यांना त्याने अक्षरओळख करून दिली, हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. तथापि सुतातेन्साने शेतकऱ्यांना वाटलेले अनेक संच त्या एकाच केंद्राला जुळविलेले होते. दुसरे काही त्यावर ऐकू येत नसे. शिक्षक एक, सूर एक, आणि जमिनीची मालकी कोणाकडे हा प्रश्न वर्गाबाहेर. सिग्लो व्हेइन्तेच्या श्रोत्याची स्थिती याच्या नेमकी उलट होती. त्याच्या संचावर संघटनेची केंद्रे लागत, धर्मगुरूंचे लागे आणि सरकारचेही लागे. तो तुलना करू शकत होता. जे खोटे बोलेल ते दुसऱ्या दिवशी खाणीच्या पाळीत उघडे पडे. पिओ दोसेला सत्याकडे ढकलणाऱ्या शक्तींत या स्पर्धेचा वाटा फार मोठा होता.

तिसरा विषय स्त्रियांचा. १९६१ मध्ये सिग्लो व्हेइन्तेच्या कामगारपत्नींनी गृहिणींची समिती स्थापन केली. तुरुंगात टाकलेल्या नवऱ्यांच्या सुटकेसाठी राजधानीत उपोषण करून त्यांनी प्रारंभ केला. पहिल्या काळात स्वतः कामगारही या बायकांची थट्टा करीत. त्यांतूनच दोमितिला घडल्या. १९७५ मध्ये मेक्सिकोत आंतरराष्ट्रीय महिला वर्षाच्या सभेत त्या उभ्या राहिल्या आणि सुखवस्तू घरांतील प्रतिनिधींना त्यांनी विचारले की, तुमचे व आमचे दुःख एकच आहे असे कसे म्हणता? त्यांचे आत्मनिवेदन पुढे पुस्तकरूपाने जगभर वाचले गेले. पिओ दोसेच्या आरंभीच्या काळाविषयी या पुस्तकात कडवट शब्द आहेत आणि नंतरच्या बदलाची नोंदही आहे. हा साक्षीदार धर्मगुरूंचा भाट नव्हे, म्हणूनच त्या साक्षीला मोल आहे.

केंद्राने बाजू बदलली की नाही याची कसोटी राज्यकर्त्यांनी लावली. १९७१ मध्ये सत्तेवर आलेल्या जनरल बान्सेर यांच्या सैन्याने जानेवारी १९७५ मध्ये सिग्लो व्हेइन्ते परिसरातील केंद्रांवर धाड घातली. त्यांत संघटनेची केंद्रे होती तसे पिओ दोसेही होते. बाराव्या पायसचे नाव असलेल्या केंद्राची यंत्रे कम्युनिस्टविरोधी हुकूमशहाच्या सैनिकांनी फोडावीत, यापेक्षा अधिक बोलके प्रमाणपत्र कोणते असेल? कामगारांनी आपली केंद्रे परत मिळावीत म्हणून संप केला. पगारवाढीसाठी नव्हे, तर ऐकण्याच्या व ऐकविण्याच्या हक्कासाठी. आणि त्या मागणीत धर्मगुरूंचे केंद्रही होते.

डिसेंबर १९७७ अखेर चार खाणकामगारांच्या बायका आपल्या मुलांसह ला पास येथील आर्चबिशपच्या निवासात उपोषणास बसल्या. राजकीय कैद्यांना व हद्दपारांना माफी द्या, बडतर्फ कामगारांना परत घ्या आणि खाणींतून सैन्य हलवा, या त्यांच्या मागण्या होत्या. दोमितिला सामील झाल्या. लुईस एस्पिनाल व हावियर आल्बो हे जेझुइट सामील झाले. तीन आठवड्यांत देशभर हजाराहून अधिक माणसे उपोषणास बसली आणि बान्सेर यांना माघार घ्यावी लागली. एस्पिनाल यांना पुढे मार्च १९८० मध्ये पळवून नेऊन, छळ करून ठार मारण्यात आले.

१७ जुलै १९८० रोजी जनरल गार्सिया मेसा यांचा उठाव झाला. त्याच दिवशी कामगार महासंघाच्या कचेरीवर हल्ला होऊन समाजवादी पक्षाचे नेते मार्सेलो किरोगा सांता क्रूस यांना गोळ्या घालण्यात आल्या. राजधानीतील केंद्रे बंदुकीच्या धाकाने मुकी झाली. अशा वेळी खाणपट्ट्यातील केंद्रांनी 'लोकशाहीची साखळी' उभी केली. एका केंद्राने बोलावे, दुसऱ्याने ते पकडून पुढे सोडावे, आणि एक बंद पडले की दुसऱ्याने सूत्र हाती घ्यावे. पिओ दोसे या साखळीत होते. सैन्य एकेक वसाहत जिंकीत येत होते आणि एकेक आवाज बंद होत होता. रेडिओ आनिमासच्या निवेदकाचे अखेरचे क्षण ध्वनिमुद्रित झाले आहेत. सैनिक जवळ येत असल्याचे सांगत तो साखळीतील पुढच्या केंद्राला जबाबदारी घेण्याची विनंती करतो. ऑगस्टच्या पहिल्या दिवसांत सर्वत्र शांतता पसरली. ऑक्टोबर १९८२ मध्ये लोकशाही परतली तेव्हाच खाणपट्टा पुन्हा मोकळेपणी बोलू लागला.

मित्रहो, कहाणी येथे संपली असती तर ती विजयगाथा म्हणून सांगता आली असती. परंतु खरा धडा यापुढे आहे. सैन्याला जे वीस वर्षांत जमले नाही ते बाजाराने दोन वर्षांत केले. ऑगस्ट १९८५ मध्ये राष्ट्राध्यक्ष पास एस्तेन्सोरो यांनी २१०६० क्रमांकाचा हुकूम काढला. १९५२ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण ज्यांच्या सहीने झाले तेच हे पास एस्तेन्सोरो. खुल्या बाजाराचे दरवाजे उघडले गेले. ऑक्टोबरमध्ये लंडनच्या बाजारात कथिलाचा भाव कोसळला. कोमिबोलच्या सुमारे ३०,००० कामगारांपैकी २० हजारांहून अधिक कामगारांना काढून टाकण्यात आले आणि या हकालपट्टीला 'पुनःस्थापन' असे गोंडस नाव देण्यात आले. ऑगस्ट १९८६ मध्ये हजारो कामगार आपल्या बायकामुलांसह राजधानीकडे 'जीवनासाठी मोर्चा' घेऊन निघाले. कालामार्का येथे रणगाड्यांनी तो अडविला. त्यानंतर वसाहती ओस पडल्या. कोणी एल आल्तोच्या झोपड्यांत गेला, कोणी चापारेच्या जंगलात कोका लावायला गेला.

पगार नाही म्हणजे वर्गणी नाही. वर्गणी नाही म्हणजे केंद्र नाही. बहुतेक कामगार केंद्रे विझली. हुआनुनीसारखे अपवाद राहिले. पिओ दोसे मात्र टिकले, ओरुरो व कोचाबाम्बापर्यंत वाढलेही. त्याचा आधार खाणीच्या पगारावर नव्हता. एका जगद्व्यापी धर्मसंघावर होता. ज्यांनी आपल्या कष्टाच्या पैशांतून आवाज निर्माण केला त्यांचा आवाज गेला आणि जे बाहेरून आले त्यांचा राहिला.

या विसंगतीचा अर्थ कसा लावावयाचा? दोन चुकीची उत्तरे चटकन सुचतात. पहिले असे की, धर्मसंस्थाच गरिबांची खरी कैवारी ठरली, पक्ष व संघटना कोलमडल्या. हे उत्तर इतिहासाला धरून नाही. पिओ दोसेला घडविले ते संघटनेने. समोर 'ला व्होस देल मिनेरो' नसते, गृहिणींची समिती नसती, रोसेन्दो गार्सियासारखी माणसे नसती, तर ते केंद्र सुतातेन्साप्रमाणे सज्जन शिक्षक होऊन राहिले असते. कामगारांनी आपला पुरोहितच घडविला, असे म्हणणे अधिक खरे आहे.

दुसरे चुकीचे उत्तर असे की, धर्मगुरूंचा हा बदल वरवरचा होता, शेवटी मालकी चर्चचीच राहिली. या आक्षेपाच्या उत्तरार्धात तथ्य आहे. मन पालटणे आणि मालकी पालटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पिओ दोसेत पहिली घडली, दुसरी घडली नाही. उद्या धर्मसंघाने वेगळे संचालक पाठविले असते तर वसाहतीला त्यांना परत पाठविण्याचा कायदेशीर अधिकार नव्हता. परंतु म्हणून झालेला बदल खोटा ठरत नाही. ज्यांची यंत्रे फोडली गेली त्यांना वरवरचे म्हणणे हा कोरडा पंडितीपणा होय. निष्कर्ष इतकाच की, सद्भावनेवर आंदोलनाने विसंबू नये आणि सद्भावनेला लाथही मारू नये. शत्रू म्हणून आलेल्या संस्थेतील माणूस ओळखणे, त्याला प्रश्न विचारीत राहणे, आणि संकटाच्या दिवशी त्याच्यासाठी दार उघडे ठेवणे, हे सिग्लो व्हेइन्तेच्या कम्युनिस्ट व समाजवादी कामगारांनी केले. त्यांच्याकडे पोथी नव्हती असे नाही. पण पोथीपेक्षा शेजार त्यांना जवळचा होता.

आता आपल्या देशाकडे एक दृष्टिक्षेप टाकला पाहिजे, कारण प्रश्न अखेर आवाजाच्या मालकीचाच आहे. आणीबाणीच्या १९७५ ते १९७७ या काळात आकाशवाणी कोणाची होती हे समाजवादी चळवळ विसरलेली नाही. वर्गीस समितीने १९७८ मध्ये स्वायत्ततेची शिफारस केली. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक नभोवाणी केंद्रे काढण्याची मुभा दिली, आणि त्यातून सातारा जिल्ह्यात म्हसवडला २००८ मध्ये 'माणदेशी तरंग' सारखे केंद्र उभे राहिले. परंतु त्याच धोरणाने राजकीय पक्ष व त्यांच्याशी संलग्न विद्यार्थी, महिला व कामगार संघटना यांना दार बंद केले, आणि अशा केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याचीही मनाई आहे. शेतकरी स्त्रीने पाककृती सांगावी, ओवी म्हणावी. पण रोजगार हमीची मजुरी तीन महिने का थकली याची बातमी तिने देऊ नये! 'ला व्होस देल मिनेरो' आपल्या देशात आजही बेकायदा ठरले असते. पिओ दोसेही, १९६७ नंतरचे पिओ दोसे, बेकायदा ठरले असते. १९५९ चे मात्र चालले असते.

दोमितिला बारिओस दे चुंगारा आणि ग्रेगोरिओ इरिआर्ते हे दोघेही २०१२ साली निवर्तले. एक कामगाराची बायको, दुसरा परदेशातून आलेला धर्मगुरू. ज्या वसाहतीने या दोघांना एकमेकांशी बोलावयास लावले ती वसाहत आज जुन्या रूपात उरलेली नाही. कार्यकर्त्यांनी त्यांच्या इतिहासातून नेण्यासारखी गोष्ट अशी की, केंद्र कोणी काढले हा पहिला प्रश्न आहे. ते कोणामध्ये राहते हा दुसरा. त्याला जाब कोण विचारू शकतो हा तिसरा. आणि त्याचा खर्च कोण भागवितो हा चौथा. पहिल्या प्रश्नाशी थांबणारा कार्यकर्ता मित्र गमावतो, आणि चौथा प्रश्न विसरणारा आवाज गमावतो.